लोकशाही, धम्म आणि जागतिकीकरण
(विहाराच्या सुवर्णमहोत्सवी वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आम्ही काही विद्वान नाही. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर आणि गिरणीतल्या रात्रपाळीत. त्यामुळे चुकले-माकले तर पोटात घालावे.

विषय मोठा आहे. पण तो आमच्या डोक्यात आला एका पोराच्या प्रश्नातून. रविवारच्या अभ्यासवर्गात अकरावीतल्या मुलाने विचारले, "काका, लोकशाही तर इंग्रजांनी आणली ना? मग ती आपली कशी? आणि आता सगळं जागतिकीकरण झालंय, कंपन्याच राज्य करतात, तर मत देऊन उपयोग काय?" आम्ही त्याला तेव्हा थातुरमातुर उत्तर दिले. घरी गेलो आणि झोप लागेना. पोराने एका दमात दोन प्रश्न विचारले होते. विचार परक्या देशातून आला म्हणजे तो परकाच राहतो काय? आणि पैसा देशाबाहेर गेला म्हणजे लोकांची सत्ता संपते काय? आज त्याला पुरे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

आम्ही गिरणी कामगार. आम्हाला सुताचे उदाहरण लवकर समजते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या युद्धाच्या मुळाशी गुलामगिरीचा प्रश्न होता. कापसाच्या शेतात राबणारा काळा गुलाम तिकडे, आणि भाव वधारल्याचा नफा मोजणारा व्यापारी इकडे! म्हणजे जागतिकीकरण १९९१ साली सुरू झाले हे अर्धेच खरे. माल आणि नफा कधीपासूनच समुद्र ओलांडत होता.

परंतु त्याच समुद्रावरून आणखी एक गोष्ट येत होती. १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि तो अर्पण केला गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बघा, व्यापाऱ्याला अमेरिकेच्या युद्धात कापसाचा भाव दिसला. जोतीरावांना त्यात शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीची वाट दिसली. पुण्यात बसून सातासमुद्रापलीकडच्या माणसाशी त्यांनी नाते जोडले.

तेच काम पुढे बाबासाहेबांनी केले. १९१३ साली सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांना जॉन ड्यूई नावाचे गुरू लाभले. ड्यूई सांगत की लोकशाही म्हणजे नुसती राज्य करण्याची तऱ्हा नव्हे. ती माणसांनी एकमेकांसोबत जगण्याची रीत आहे. १९३६ साली जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या 'जातिप्रथेचे उच्चाटन' या भाषणात बाबासाहेबांनी ड्यूईंचे ऋण उघडपणे मान्य केले आहे. १९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, तो समारंभ ५ जूनचा. ड्यूईंचे निधन झाले १ जूनला. गुरु-शिष्याची भेट चार दिवसांनी हुकली.

आता कोणी म्हणेल, बघा, बाबासाहेबांनी अमेरिकेहून विचार उचलला. बंधूंनो, नीट बघा. ड्यूईंनी जात पाहिली नव्हती. पायरीखाली पायरी, आणि प्रत्येक पायरीवरचा माणूस खालच्याला तुच्छ मानतो, ही आपल्याकडची विषमता त्यांच्या विचारात कुठून असणार? ती बाबासाहेबांनी जगलेली होती. जिथे माणूस माणसाच्या घोटभर पाण्याला शिवत नाही, तिथे सोबत जगणे कसले आणि लोकशाही कसली, हा प्रश्न महाडच्या तळ्याकाठचा आहे. सूत परदेशातून आले असेल, पण विणकर आपला होता आणि कापडही आपल्याच अंगाचे माप घेऊन विणले होते.

आणि सूत तरी सगळे परदेशातलेच काय? ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरच्या भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नाहीत. ती आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. त्याआधी, २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात त्यांनी सभागृहाला आठवण करून दिली होती की संसदीय कामकाजाचे नियम या देशाला नवे नाहीत, भिक्खूसंघाला ते माहीत होते.

हे आम्ही पुष्कळ वर्षे भाषणात सांगत होतो, टाळ्या घेत होतो. पण नियम होते म्हणजे काय होते, ते वाचले अलीकडे. संघात कोणी कुठे बसावे हे ठरवणारा भिक्खू असे, त्याला आसनपञ्ञापक म्हणत. ठराव मांडणे म्हणजे ञत्ति. महत्त्वाचा ठराव असेल तर तो एकदा मांडून तीनदा विचारायचा की कुणाची हरकत आहे काय. हरकत असेल त्याने बोलावे, नसेल त्याने गप्प राहावे. ठरावीक संख्येचे भिक्खू हजर नसतील तर ते कामच बेकायदा. मतभेद मिटले नाहीत तर मतदान, आणि त्यासाठी लाकडाच्या काड्या, ज्यांना सलाका म्हणत. त्या वाटायला आणि गोळा करायला माणूस नेमायचा तो असा की जो लोभाने, द्वेषाने, मोहाने वा भयाने एका बाजूला झुकणार नाही. मत घेण्याच्या पद्धती तीन: गुप्त, कानात सांगून आणि उघड. बहुमताने होणाऱ्या निर्णयाला नाव होते येभुय्यसिका.

आणि हे नियम तोंडपाठ कुणाला होते? उपालीला. उपाली म्हणजे शाक्यांचा नाभिक. शाक्य राजपुत्र दीक्षा घ्यायला निघाले तेव्हा त्यांनीच तथागतांना विनंती केली की उपालीला आमच्या आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुळाचा ताठा जाईल. पुढे तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली, तेव्हा विनयाचे सगळे नियम सांगायला याच उपालीला बसवले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जुन्या काळची वैशाली, वज्जींचे गणराज्य, याचा आपण अभिमान बाळगतो. वज्जी जोवर वारंवार एकत्र जमतात, एकोप्याने बसतात आणि एकोप्याने उठतात, तोवर त्यांची हानी होणार नाही, असे तथागतांनी सांगितले. ते खरेच आहे. पण त्या गणसभेत बसत ते क्षत्रिय कुळांचे लोक. दास आणि राबणारे बाहेर. स्त्रियांना संघात घेण्यासाठी महाप्रजापती गौतमीलासुद्धा तीनदा विनंती करावी लागली. म्हणून "आमच्याकडे सगळे होते" असा ढोल आपण बडवू नये. तो धंदा दुसऱ्यांचा आहे. जे चांगले होते ते घ्यावे आणि जे अपुरे होते ते आपण पुरे करावे.

आता पोराच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. कंपन्यांचे राज्य आल्यावर मताचा उपयोग काय?

इथे आम्हाला घरची हकिकत सांगावी लागते. आमचे आजोबा लालबागच्या एका गिरणीत त्रासन खात्यात होते. साचाखात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला प्रवेश नाही. कारण काय? धोट्यात नवी कांडी भरली की सुताचे टोक धोट्याच्या डोळ्यातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. आपल्या माणसाच्या तोंडचे सूत दुसऱ्याच्या तोंडाला कसे चालणार? बाट लागते ना! ही बंदी मालकाच्या कायद्यात लिहिलेली नव्हती. ती पाळत होते ते कामगारच, एकाच लाल बावट्याखाली घोषणा देणारे. १९२८ च्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे, नाखुशीने का होईना, पुढाऱ्यांना ती मागणी यादीत घ्यावी लागली.

आम्ही स्वतः १९८९ साली बदली म्हणून लागलो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने अडीच लाख कामगारांची वाताहत केली होती आणि गिरणगाव अजून त्यातून उठत होता. आम्हाला काम मिळाले साचाखात्यात. आजोबांना ज्या साच्याला हात लावू दिला नाही, त्या साच्यावर नातू उभा राहिला. आईने त्या दिवशी चाळीत पेढे वाटले. आणि दहा-बारा वर्षांत आमच्या डोळ्यांदेखत तोच साचा भंगाराच्या ट्रकमध्ये चढला.

१९९१ साली खाउजा आले, म्हणजे खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. डंकेल प्रस्तावावर तेव्हा नाक्यानाक्यावर सभा झाल्या. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. १ जानेवारी २००५ पासून कापडाच्या व्यापारातला देशवार कोटा संपला. कापड कुठे विणायचे हे आता त्या देशातला कामगार ठरवत नाही, जिथे मजुरी स्वस्त तिथे ते जाते. आपल्या गिरण्यांच्या जमिनीचेही तसेच. १९९१ च्या नियमाने जमिनीचे वाटे महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात व्हायचे होते. २००१ साली नियम बदलला आणि ती वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. चिमणीच्या जागी मॉल आणि टॉवर आले. एका नियमातल्या शब्दाने लाखो माणसांचे काय होते ते आम्ही पाहिले आहे. म्हणून आम्ही म्हणतो की कायद्याच्या शब्दावर लक्ष ठेवणे हे फक्त वकिलाचे काम नाही.

बंधूंनो, अडचण ही आहे: आपल्या मताची हद्द देशाच्या सीमेपाशी संपते, पण आपल्या पोटाचा निर्णय सीमेपलीकडे होतो. मग हात टेकायचे काय?

२४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा नावाची इमारत कोसळली. तयार कपड्यांचे कारखाने होते तिथे. अकराशेहून अधिक कामगार मेले, त्यात बाया जास्त. आदल्या दिवशी भिंतीला तडे दिसले होते, तरी त्यांना आत पाठवले. ते कपडे युरोप-अमेरिकेच्या दुकानात विकले जात. दुर्घटनेनंतर महिन्याभरातच आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि कपड्यांच्या मोठ्या कंपन्या यांच्यात इमारतींच्या सुरक्षेबाबत कायद्याने बांधील करार झाला. पुढे दोनशेहून अधिक कंपन्या त्यात आल्या. का आल्या? दया आली म्हणून नाही. ढाक्यातल्या कामगारणीसाठी लंडन-न्यूयॉर्कमधली गिऱ्हाइके आणि कामगार उभे राहिले म्हणून. मेलेली माणसे परत आली नाहीत, आणि मजुरीही काही मोठी वाढली नाही. पण नफ्याने सीमा ओलांडली तर माणुसकीलाही ती ओलांडता येते, एवढे त्यातून दिसले.

बाबासाहेब याला सार्वजनिक सदसद्विवेक म्हणत. २२ डिसेंबर १९५२ ला पुण्यात वकिलांपुढे बोलताना त्यांनी लोकशाही टिकण्याच्या अटी सांगितल्या. समाजात टोकाची विषमता नको, विरोधी पक्ष हवा, कायद्यापुढे आणि कारभारात समानता हवी, संविधानाची नीती पाळली जावी, बहुमताने अल्पमताला चिरडू नये. आणि अन्याय कुणावरही होवो, ज्याच्यावर झाला नाही त्यालाही राग आला पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत भारतीयांवर जुलूम होत असताना त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या एका गोऱ्या धर्मोपदेशकाचे उदाहरण त्यांनी दिले आणि म्हणाले की आपल्या देशात गावोगाव दक्षिण आफ्रिका आहे, पण अस्पृश्यांसाठी लढायला अस्पृश्यांबाहेरचा माणूस क्वचितच दिसतो. आज सत्तर वर्षांनंतरही त्यांचे बोलणे खोटे ठरले आहे असे म्हणायची आमची हिंमत होत नाही.

स्वतः बाबासाहेबांनी ही नाती जोडली होती. १९४६ साली अमेरिकेतल्या निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे कळताच त्यांनी डॉ. डुबॉईस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागितल्या, आणि डुबॉईस यांनी आपुलकीने उत्तर दिले. १९७२ साली याच मुंबईतल्या तरुणांनी अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. २००१ साली दरबानच्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत आपली माणसे गेली. जात हा देशाचा अंतर्गत प्रश्न आहे, असे म्हणून आपल्याच सरकारने त्या चर्चेला विरोध केला. पण प्रश्न दाबला गेला नाही. २१ फेब्रुवारी २०२३ ला अमेरिकेतल्या सिएटल शहराने जातिभेदाला बंदी घातली. कॅलिफोर्नियात मात्र विधिमंडळाने मंजूर केलेले तसेच विधेयक गव्हर्नरने ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारले. म्हणजे विमानात बसून जातही परदेशी गेली, आणि तिच्या मागोमाग जय भीमही गेला.

आणि हे ऐका. हंगेरी देशात रोमा नावाचा समाज आहे. गावाबाहेरची वस्ती, शाळेत वेगळे बसवणे, चोर म्हणून हिणवणे. ओळखीचे वाटते ना? त्यांच्यातल्या काहींनी बाबासाहेब वाचले, धम्म स्वीकारला आणि २००७ साली शायोकाझा गावात बाबासाहेबांच्या नावाने शाळा सुरू केली. जोतीरावांनी अमेरिकेकडे पाहिले, बाबासाहेबांनी ड्यूईंकडून घेतले, आणि आज युरोपातली पोरे आपल्या भीमाकडून घेताहेत. आता त्या पोरांना कोणी विचारावे का, की हा विचार परका आहे, तुमचा कसा? ज्याला ज्या विचाराने मान ताठ करता येते, तो विचार त्याचा.

इथवर आम्ही जगाचे सांगितले. आता घरचे सांगतो, आणि खरे म्हणजे यासाठीच आम्ही उभे आहोत.

हे विहार पन्नास वर्षांपूर्वी गिरणी कामगारांनी एकेका दिवसाच्या पगारातून बांधले. पावतीपुस्तके घेऊन दारोदार फिरल्या त्या आपल्या आया. आज भिंतीवरची समितीची पाटी बघा. पन्नास वर्षांत किती बायांची नावे आहेत? दोन. निवडणूक शेवटची कधी झाली? आम्ही स्वतः तेरा वर्षे समितीवर आहोत आणि प्रामाणिकपणे सांगतो, दर वेळी "तीच समिती कायम" असा पुकारा होतो, टाळ्या पडतात, चहा येतो.

सहा वर्षांपूर्वीच्या सभेत आपल्यातलीच एक कॉलेजात जाणारी मुलगी उठली. तिने विचारले, "मागच्या तीन वर्षांचा हिशेब वाचून का दाखवत नाही? आणि समितीत बाया का नाहीत?" तेव्हा तिला खाली बसवणारे आम्हीच होतो. म्हणालो, "बस खाली. मोठ्यांमध्ये बोलायचं वय नाही तुझं." हिशेबात खोट नव्हती. पण आम्हाला राग हिशेबाचा आला नाही. पोरीने विचारले याचा आला. ती पुन्हा विहारात आली नाही. आता ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असते. तिची आई आजही मागच्या रांगेत बसली आहे.

पुढे संघाचे ते नियम वाचले आणि आम्हाला लाज वाटली. अडीच हजार वर्षांपूर्वी ठराव मांडून तीन-तीनदा विचारत होते, कुणाची हरकत आहे का? आमच्याकडे एका पोरीने न विचारता हरकत सांगितली, तर आम्ही तिला गप्प केले. साचाखात्याच्या दारावर आजोबांना अडवणारे आणि आम्ही, यांत फरक काय राहिला? २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात समता आणि समाजात विषमता हा विरोध लवकर मिटवला नाही, तर विषमतेने पोळलेले लोक ही लोकशाहीची इमारत उद्ध्वस्त करतील. तो इशारा फक्त दिल्लीसाठी होता, असे आपण धरून बसलो. तथागतांनी स्वतःमागे कुणाला गादीवर बसवले नाही. धम्म हाच तुमचा शास्ता, असे सांगून गेले. आणि आपण एका विहाराची खुर्ची सोडत नाही!

मागच्या रांगेतल्या ताई, तुमच्या लेकीची आम्ही या मंचावरून माफी मागतो. तिला तसा फोन करा. आम्हीही करणार आहोत.

आणि नुसत्या माफीने भागत नाही. म्हणून आज दुपारच्या सर्वसाधारण सभेत आम्ही ठराव मांडत आहोत. एक, दर वर्षी वर्षावासाआधी हिशेब सभेत वाचला जाईल आणि फळ्यावर लागेल. दोन, समितीत निम्म्या जागा भगिनींच्या असतील. तीन, सलग दोन मुदतींनंतर कोणीही त्या पदावर राहणार नाही. हा नियम पहिल्यांदा आम्हाला लागू व्हावा. चार, निवडणूक चिठ्ठीने, गुप्त मतदानाने होईल, आणि अठरा वर्षांवरील प्रत्येकाला मत असेल, मग तो वर्गणी देऊ शको वा न शको.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, याने विहारात फूट पडेल. आम्ही नम्रपणे सांगतो, एकोपा म्हणजे सगळ्यांनी गप्प बसणे नव्हे. वज्जी एकत्र जमत, बोलत आणि मग एकत्र उठत. बोलू न दिलेला माणूस भांडत नाही, तो निघून जातो. आपले किती तरुण असे निघून गेले, याचा हिशेब कोण वाचणार?

अभ्यासवर्गातल्या त्या पोराला आमचे उत्तर असे: बाळा, लोकशाही इंग्रजांची नाही, अमेरिकेची नाही आणि नुसती वैशालीचीही नाही. जो ती पाळतो, त्याची ती. कंपन्यांच्या राज्यात मताचा उपयोग आहे की नाही, हे आपण किती जण आणि किती दूरच्या माणसांसाठी एकत्र येतो त्यावर ठरेल. पण ज्याला आपल्या विहारात हिशेब विचारता येत नाही, तो जागतिक व्यापार संघटनेला काय विचारणार? सुरुवात इथून करू. दुपारी जेवण झाल्यावर कोणी घरी जाऊ नये. ठराव तीनदा विचारला जाईल. ज्याची हरकत असेल त्याने जरूर बोलावे; आम्ही कुणालाही खाली बसवणार नाही.

एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जय भीम! जय भारत!